डावी सीट

माझ्या मोठ्या भावाने आयुष्यात एकच हौस केली, आणि तीही अर्धवट टाकून गेला. केळीच्या मळ्यात राबणाऱ्या या माणसाला जुन्या धाटणीची, वरून उघडी मोटार हवी होती. विकत घेतलेली नाही, स्वतः जोडलेली. एका मोडीत निघालेल्या जीपची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, त्याने पैदा केली, फायबरची बॉडी इंदूरहून सुट्या भागांत ट्रकने आणवली, आणि इच्छापूरच्या रस्त्यावर मळ्यातल्या शेडमध्ये हंगाम आटोपला की तो तिच्यात डोकं खुपसून बसायचा. गाडी उभी राहिली की पहिली फेरी वहिनीला शेजारी बसवून इच्छादेवीच्या देवळाला, हे ठरलेलं.

माझं राजपुऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. तरी त्याने मला गाडीला हात लावू दिला नाही. एकदा मी डाव्या सीटखाली वाकलो, तर कॉलर धरून मागे ओढलं.

"तू हट. तिकडे हात नको घालू. तुझी दुकान आहे ना, तिथं कर काय करायचं ते."

मला चांगलाच राग आला. शॉक बसला की बोलव, असं म्हणून मी निघून आलो.

या उन्हाळ्यात पंपाजवळ बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं. दिवस-कार्य झालं, माणसं पांगली, आणि वहिनीने जेवण जवळजवळ सोडलं. ताट समोर घ्यायची आणि उठून जायची. मी समजूत घालायला गेलो की ऐकून घ्यायची, बस. एके दिवशी तीच म्हणाली, "भाऊजी, त्यांची गाडी पूरी करून द्या. मग मी जेवन."

डॅशबोर्ड उघडला आणि मी कपाळावर हात मारला. भावाने सगळी गाडी पाण्याच्या मोटारीच्या केबलने जोडली होती. विहिरीतल्या मोटारीला जी चपटी केबल लागते, लाल, पिवळी, निळी, तिचे उरलेले तुकडे आमच्याकडे प्रत्येक मळ्यात पडलेले असतात आणि कपड्यांच्या दोरीपासून गोठ्याच्या दिव्यापर्यंत सगळीकडे लागतात. इथे हेडलाइटला तीच, बटणांना तीच, काट्यांना तीच. फ्यूज एकही नाही. जोड नुसते पिळून वर टेप. तारेचं प्लास्टिक तो नेहमी दातांनी सोलायचा. जागोजाग त्याच्या दातांचे ठसे होते. ते बघितल्यावर मला पुढे काही सुचेना. बॅटरी तेवढी चार्ज करून जोडली आणि बाहेर येऊन बसलो.

दिवेलागणीला वहिनी शेडमध्ये गेली. तिला सापाची भयंकर भीती. जन्म केळीत गेला, तरी पायाखाली दिसल्याशिवाय ती पाऊल टाकत नाही. ट्रॅक्टर असो की रिक्षा, आधी टेकायची, पाय बाहेर लोंबते ठेवायची, टॉर्चने आत उजेड पाडून बघायची आणि मगच पाय आत घ्यायची. भाऊ म्हणायचा, तुझ्या टॉर्चलाच साप भितात. त्या संध्याकाळीही ती तशीच डाव्या सीटवर टेकली.

आणि डॅशवरचा निळा दिवा लागला.

हेडलाइटचा झोत लांब टाकला की लागतो तो हा दिवा. हेडलाइट बंद होते. किल्ली माझ्या खिशात होती. निळा दिवा मंद, आजारी उजेडाने जळत होता, डॅशच्या फटींतून आतून पिवळं काहीतरी पाझरत होतं, आणि पेट्रोलचा काटा हळूहळू वर चढत होता. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. वहिनी उठली. सगळं विझलं, काटा खाली पडला. ती परत बसली. सगळं परत लागलं.

मी धावत जाऊन तिला उतरवलं आणि स्टीअरिंगमागे बसलो. काही नाही. बटणं वरखाली केली, डॅशवर थापा मारल्या. गाडी मेलेली.

"तुम्ही बसता तं काहीच होत नाही, भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाली. "मी बसते तं होते. ते आहेत."

या धंद्यात माझे केस पांढरे झाले, तरी मी घाबरलो.

तेव्हापासून वहिनी रोज संध्याकाळी डाव्या सीटवर बसू लागली. निळ्या उजेडात हळू आवाजात बोलायची. बोलताना मधेच थांबायची, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी, आणि मान डोलवायची. मी दारापाशी उभा राहायचो. आत पाऊल टाकायची माझी हिंमत होत नसे. पण शेडमधून बाहेर आली की ती भाकरी मागून घ्यायची. अंगावर थोडं मांस धरू लागलं होतं.

मग एका संध्याकाळी मला जळक्या रबराचा वास आला.

वहिनी उठल्यावर पाहिलं, तर डॅशमागचा एक जोड काळा पडला होता. फ्यूज नसलेली गाडी, फायबरची बॉडी. ती पेटली तर बाई उतरेपर्यंत काही उरलं नसतं. सगळं वायरिंग उपटून काढणं भाग होतं, आणि ते काढलं की तिचा नवरा पुन्हा जाणार होता. या वेळी माझ्या हाताने.

मी सांगितलं. ती बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

"जे करायचं ते करा," ती म्हणाली. "पर माझ्यासमोर नका करू."

दुसऱ्या दिवशी ती केळीत कामाला गेल्यावर मी पक्कड घेऊन बसलो. दोष तासाभरात सापडला, आणि तो आमच्याच माणसाने करावा असा होता. ट्रॅक्टरला दिव्याकडे एकच तार जाते, परतीचा करंट लोखंडी अंगातून येतो. भावाने तसंच केलं. परतीच्या सगळ्या तारा एका बोल्टला बांधून तो बोल्ट बॉडीत ठोकला. पण फायबरमधून करंट जात नाही. आत आलेला करंट परतायला वाट शोधत दुसऱ्याच दिव्यांतून, काट्यातून फिरत होता. निळा दिवा म्हणून लागत होता. भूतबित काही नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

पण करंट आत येत होता कुठून? किल्ली बंद असताना, आणि तीच बसल्यावर?

मी डावी सीट उचलली.

गादीखाली, लोखंडी पट्टीवर, दारावरच्या घंटीचं पांढरं बटण तारेने घट्ट आवळून बसवलं होतं. माणूस बसला की दाबलं जाईल असं. त्यातून निघालेल्या तारेवर दातांचे ठसे होते. तार डॅशमागे गेली होती, आणि तिच्या टोकाला कागदात गुंडाळलेला, जागेवर बसवायचा राहिलेला एक छोटा दिवा होता. डॅशच्या खालच्या कडेला त्याच मापाचं एक भोक पाडून ठेवलेलं होतं. भोकाचं तोंड खाली होतं, शेजारी बसणाऱ्याच्या पायांकडे.

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. कॉलर धरून का ओढलं होतं ते आता कळलं. त्याला तिला चकित करायचं होतं, आणि मला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत तिलाही कळलं असतं.

बाकी सगळं मी उपटलं आणि नवं टाकलं, फ्यूज घालून, परतीची काळी तार थेट लोखंडी चासीला देऊन. ते बटण आणि त्याची तेवढी तार ठेवली. दिवा भोकात बसवला.

संध्याकाळी वहिनी दारातच थांबली. "काढलं ना?" तिने विचारलं. मी फक्त म्हटलं, "बसून बघा."

ती सीटवर टेकली, पाय बाहेर, हातात टॉर्च. निळा दिवा लागला नाही. काटा हलला नाही. खाली, जिथे तिचे पाय येणार होते तिथे, लख्ख पिवळा उजेड पडला.

वहिनी त्या उजेडाकडे पाहत राहिली. तिला काही सांगावं लागलं नाही. मग तिने टॉर्च बंद केला आणि खाली न वाकता पाय आत घेतले.