हात लावू का, माय?

त्या शनिवारी मी खुलताबादच्या भद्रा मारुतीला निघाले ती दर्शनासाठी नव्हे, तक्रार करायला. मनात भक्ती फारशी नव्हती, राग मात्र भरपूर होता. हे आधीच कबूल केलेलं बरं.

बारा वर्षं मी आपल्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात आया होते. त्याआधी शहागंजच्या बाजारात हातगाडीवर भाजी विकली. भाव करण्यात मला हरवणारा माणूस तिथे मला भेटला नाही. मग दवाखान्याने एका कॉलेजला जोडून घेऊन रुग्णसेवेचा कोर्स सुरू केला. चार दिवस वॉर्डात काम, दोन दिवस वर्गात शिक्षण, आणि परीक्षा वॉर्डातल्या कामाचीच. पास झालं की आयाची रुग्णसहायक होणार, फरशी पुसण्यातून कायमची सुटका. वयाची अट होती, ती मी तासभर हुज्जत घालून वाकवली. वर्गात सगळ्या विशी-बाविशीच्या पोरी आणि मी एकटी बेचाळीसची. वह्या मात्र माझ्याच सगळ्यात नीट.

परीक्षेला मला जे रुग्ण मिळाले ते लासूर स्टेशनच्या बाजारात जन्मभर धान्याची अडत चालवलेले, शेतकरी-व्यापाऱ्यांचे सौदे जमवणारे एक काका होते. लकव्याने उजवी बाजू गेलेली. त्यांचं अंग ओल्या फडक्याने पुसून कूस बदलायची, एवढंच काम. मी गेले, "चला काका," म्हणाले आणि चादर बाजूला केली. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "नाय. राहू दे." मी हसून म्हणाले, "पाचच मिनिटं. बरं, नुसती पाठ. मग गरम चहा." बोलता बोलता माझे हात चालूच होते. चादरीवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. आणि परीक्षा घेणाऱ्या सिस्टरने, जी माझ्या मुलीच्या वयाची, सगळ्यांसमोर माझ्या वहीत लिहिलं: रुग्णाची संमती घेतली नाही, पुन्हा परीक्षा. तीही शेवटची, सोमवारी.

मी तिला म्हणाले, "मी माणसं स्वच्छ करत होते तेव्हा तू शाळेत डबा नेत होतीस." ती शांतपणे म्हणाली, "मावशी, काम चांगलं झालं. पण काका नाय म्हणाले होते." "नाय तर सगळेच म्हणतात," मी म्हणाले. तो अपमान मी दोन दिवस चघळत बसले.

म्हणून शनिवारी पहाटे अनवाणी निघाले. मारुतीशी बोलणी अशी केली होती: मी चालत येते, तू मला पास कर आणि त्या सिस्टरची दुसऱ्या वॉर्डात बदली कर. वाटेत मिटमिटा गावाच्या पुढे डांबर तापायला लागलं तेव्हा बदलीची अट मी सोडून दिली. पास करण्यावर मात्र ठाम राहिले.

दौलताबादला किल्ल्याखाली बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन बसतात. एका म्हातारीपाशी थांबले. "सीताफळं आहेत का दगडं?" मी विचारलं. ती म्हणाली, "दगडं पायजे असतील तं किल्ल्यावर जा. तिथं लई पडलेत." आमची चांगलीच जुंपली. शेवटी मी माझा नेहमीचा डाव टाकला, पाठ फिरवून चालू लागले. दहा पावलांत विकणारा हाक मारतोच. तिने मारली नाही. ती हाक मारते का हे मागे वळून बघत असताना माझा पाय फुटक्या बाटलीच्या काचेवर पडला.

मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. रक्त बरंच येत होतं. दर्शनाला चालत निघालेली माणसं "जय बजरंग" म्हणत पुढे सरकत होती. तीच म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर खाली मातीत बसली. मी पाय पुढे केला. तिने तो धरला नाही. वर माझ्याकडे बघून म्हणाली, "हात लावू का, माय?"

मी वैतागले. "त्यात विचारायचं काय?"

"पाय तुझा हाये. दुखणंबी तुझंच हाये."

आणि ती थांबली. मी "लावा" म्हणेपर्यंत तशीच थांबली. तो शब्द तोंडातून निघाला आणि मला रडू फुटलं, काचेमुळे नाही. शाळेतून काढलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, लग्न ठरवलं तेव्हाही नाही. माझ्या पायाला हात लावायला मात्र या अनोळखी बाईला माझी परवानगी हवी होती. तिने काच काढली, जखम धुतली, फडकं बांधलं. मी डोळे पुसून म्हणाले, "द्या सीताफळं, तुमच्या भावाने." ती म्हणाली, "आता भाव वाढला." दोघी हसलो.

लंगडत लंगडत घाट चढून मी देवळात पोचले. भद्रा मारुती निजलेला आहे, हे मला लहानपणापासून माहीत. पण त्या दिवशी तो पहिल्यांदा दिसला. अंथरुणावर पडलेल्या माणसासारखा उताणा, आणि वर आम्ही सगळे वाकलेलो, नारळ, रुईच्या माळा, मागण्या घेऊन. मनात आलं, याला दिवसभर वरून झुकलेले चेहरेच दिसत असतील. काकांनाही तसेच दिसत असतील. तक्रार ओठांवर होती, ती बोलवेना. "तुला योग्य वाटेल ते कर," एवढंच म्हणून बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा मी अट न घालता कुठून तरी परतले.

सोमवारी मी स्टूल ओढलं आणि काकांच्या तोंडाच्या पातळीवर येईल असं खाली बसले. "काका, अंग पुसू का?"

"नाय."

सिस्टरचं पेन वहीवर टेकलेलं. माझ्या जिभेवर चहा, पाच मिनिटं, नुसती पाठ, सगळं तयार होतं. मी ते गिळलं. "बरं," म्हणून पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"उठत नाय का?" काकांनी विचारलं.

"बसते जरा. मन झालं तं सांगा. नाय झालं तरी चालंल."

"नापास होशील की."

"व्हय."

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग काका छताकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी चादर ओढलीस, मला लई लाज वाटली."

"चुकलं माझं, काका." बारा वर्षांत हे वाक्य मी वॉर्डात कधी उच्चारलं नव्हतं.

काकांनी झाकलेल्या भांड्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "पाणी थंड झालं असंल."

"दुसरं आणू?"

"आण. पण तोंड माझं मी पुसणार. अन् पाठ आधी."

"कबूल," मी म्हणाले. लासूरच्या अडत्याने सौदा केला होता आणि मी जन्मात पहिल्यांदा समोरच्याच्या भावाने तो मान्य केला. सिस्टरने घड्याळ पाहिलं नाही. वहीत लिहिलं: संमती घेतली, उत्तीर्ण. पहिल्या वेळचं तिने मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. ते मी तिला सांगितलंही.

निकालानंतरच्या शनिवारी मी चपला घालून दौलताबादला गेले. म्हातारी त्याच जागी होती. तिने भाव सांगितला, मी एक शब्द न बोलता पाटी उचलली. ती संशयाने माझ्याकडे बघत म्हणाली, "बरं नाय का गं तुला?"

बरं आहे, आजी. बाकी शहागंजात माझा हिसका तोच आहे. फक्त रुग्णाच्या कॉटजवळ गेले की आधी बसते, विचारते, आणि उत्तर काय येईल ते त्या निजलेल्या मारुतीवर सोडून थांबते. कधी कधी नाहीच म्हणतात. तरीही थांबते.