दर दोनशे पावलांना एक पाहणी

आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत एकोणीस मजल्यांचे सहा टॉवर आहेत, आणि त्या सहा टॉवरांच्या आवारात पाहणीकाकांनी ज्याची पाहणी केली नाही अशी एकही वस्तू शिल्लक नव्हती. दिव्याचा खांब, गटाराचं झाकण, आगीसाठी ठेवलेला लाल नळ, अशोकाचं झाड, अशोकाखाली झोपलेलं कुत्रं. माणूस असा ताडताड चालत यायचा की वाटावं, आता जयपूरलाच जाऊन चहा घेणार. आणि मध्येच गचकन थांबायचा. हात पाठीमागे, मान जराशी वाकडी, डोळे बारीक. समोर जे असेल त्याची पाहणी सुरू! एकदा समोर काहीच नव्हतं, तर त्यांनी आकाशाची केली. डिसेंबरातलं आकाश ते. त्यात धुराखेरीज बघायचं काय? तरी तीन मिनिटं निरखून म्हणाले, "कालच्यापेक्षा जाड आहे."

पाहणीकाका हे नाव मी ठेवलेलं. खरं नाव वेगळं, पण ते आता त्यांच्या पेन्शनच्या कागदावरच उरलंय. सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून परीक्षा देऊन दिल्लीत क्लार्क म्हणून आले, अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झाले आणि आमच्याच मजल्यावर समोरच्या दारात राहायला आले. चौतीस वर्षं फायलींत घालवल्यामुळे त्यांचं बोलणंही नोटशीटवर लिहिल्यासारखं. काकूंनी भाजी विचारली की, "दुधी प्रस्तावित आहे का? मग माझी हरकत नोंदवून घ्या." नातवानं चॉकलेट मागितलं की, "आईची मंजुरी आणा." आणि न आवडणाऱ्या कुठल्याही विषयावर त्यांचा एकच शेरा असे: "प्रलंबित ठेवा. निम्मी प्रकरणं आपोआप मरतात."

या पाहण्यांनी सोसायटीचं भलं किती झालं म्हणून सांगू! काका थांबतील तिथे यादवजी, म्हणजे आमचे मुख्य गार्ड, धावत यायचे. "क्या हुआ साहब?" आता काहीतरी झालेलं असायलाच हवं. मग काका काठीनं जमिनीवर ठोकून म्हणायचे, "ये टाइल हिल रही है." टाइल हलत नसली तरी दुसऱ्या दिवशी नवी बसायची. दोन वर्षांत आमचा रस्ता असा गुळगुळीत झाला की शेजारच्या सोसायटीची मुलं स्केटिंगला आमच्याकडे यायला लागली. पुढे निवडणुकीत काकांना बिनविरोध मेंटेनन्स समितीवर घेतलं. त्यांनी अर्ज भरला नव्हता, हे निकालानंतर लक्षात आलं.

आणि गणपती! क्लबहाऊसपासून विसर्जनाच्या हौदापर्यंत अंतर फार तर सहाशे पावलांचं. पहिल्या वर्षी मूर्तीपुढे काका होते. दोनशे पावलं झाली आणि त्यांनी हात वर केला. "थांबा! इथे आरती." ढोल थांबला. आरती झाली. पुढे दोनशे पावलांवर पुन्हा हात. "इथेही आरती." मी कानात म्हटलं, "काका, ही कुठली पद्धत?" ते म्हणाले, "आमच्या गावची." मला काय ठाऊक, मी सरकारी क्वार्टरांत वाढलेली दिल्लीकर मुलगी. पण आमच्या मल्होत्राजींना ती पद्धत इतकी भावली की आजही ते नव्या भाडेकरूंना डोळे मिटून समजावतात, "ये महाराष्ट्र का बहुत पुराना रिवाज है जी. दो सौ कदम, फिर आरती." मागच्या खेपेला दोन बंगाली कुटुंबं आणि एक तामिळ आजोबा पावलं मोजताना मी या डोळ्यांनी पाहिले.

अशा या माणसामागे मला हेर म्हणून लावलं ते काकूंनी. काकू म्हणजे साडेचार फुटांचं सुरक्षा मंत्रालय. एका सकाळी मला दारातच गाठून म्हणाल्या, "मेधा, तू घरूनच काम करतेस ना? मग सकाळी ह्यांच्याबरोबर चालायला जा. दोन फेऱ्यांना ह्यांना दीड तास लागतो. अगं, दीड तासात माणूस पालमहून विमान पकडून नागपूरला उतरतो! गेटाबाहेर जिलबीवाला बसतो आणि ह्यांची शुगर बघून मशीनला घाम फुटतो. मला पुरावा हवाय."

मी शेहेचाळीस वर्षांची पोरगी, हेरगिरीचं काम आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं. उत्साहानं गेले. पहिल्या दिवशी जिलबी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी तर जिलबीवाल्यानं स्वतःच काकांना हाक मारली आणि काकांनी त्याच्या कढईचीही पाहणी करून "तेल बदलो" असा शेरा दिला. पण मी हेर होते. जिलबी नाही म्हणून मी काकांची पावलं मोजायला घेतली. दोनशे. थांबले. दोनशे. थांबले. कधी एकशे नव्वद. मग माझं लक्ष खांबावरून काकांवर गेलं. ते खांबाकडे बघतच नव्हते. डावी टाच जमिनीवरून उचललेली, काठीवरची बोटं पांढरी पडलेली, आणि एवढ्या थंडीत कपाळावर घाम.

"काका, पायाला काय होतंय?"

"पाहणी चालू आहे. मध्ये बोलू नको."

"खांबाची पाहणी डोळे मिटून करतात?"

काका बाकावर बसले. दोन मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला, तसा आवाजही आला. "पोटरीत गोळा येतो गं. तुझी काकू ओली चादर पिळते ना, तसं आतून कुणीतरी पिळतं. थांबलं की सोडून देतं. म्हणून थांबतो. आता रिकामं थांबलं तर लोक विचारणार, म्हणून काहीतरी बघतो."

"आणि रात्री?"

"रात्रपाळीचं खातं वेगळं. तेव्हा तळव्यात पेटका येतो आणि बोटं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसतात. बाकी पाय थंडगार. तळव्याला तर आताशा चप्पल घातलीय की नाही, हेही खाली बघून ठरवावं लागतं."

"मग डॉक्टरकडे चला ना!"

काका हसले, पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "माझा थोरला भाऊ, सांगलीला असतो. त्यालाही शुगर. तो पाय घेऊन दवाखान्यात गेला, आणि पाय तिथेच ठेवून घरी आला. फाईल वर गेली की तिच्यावर सही होते, मेधा. खाली राहिली की राहते. प्रलंबित ठेव. आणि काकूला यातलं अक्षर सांगायचं नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. आता माझ्यासारख्या बाईनं, जिच्या पोटात गुरुग्राम ते नोएडा मेट्रोतली एक बातमी जवळच्याच सिकंदरपूर स्टेशनापर्यंतही टिकत नाही, तिनं हे गुपित ठेवलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. काकूंना सांगितलं, "जिलबी नाही." ते खरंच होतं. फक्त पुढचं गिळलं. आणि मग सहा आठवडे मी रोज काकांच्या शेजारून पावलं मोजत राहिले. दोनशेचे दीडशे झाले. दीडशेचे एकशे वीस. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक लिहीत होते, "साहब आजकल बहुत बारीकी से देख रहे हैं, वेरी गुड." अंगठ्याच्या इमोजींचा खच. आणि मला एकटीला कळत होतं की बारीक होत चाललीय ती फक्त त्या माणसाची वाट.

संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू केलं. दुपारची वेळ, चार दिवस ऊन नाही, लादी अशी गार की बर्फावर रांगोळी घातल्यासारखं वाटावं. हॉलमध्ये आम्ही बारा बायका. तिळगुळाचा डबा काकूंच्या पदराखाली, कारण काका आतल्या खोलीत होते. मी त्यांना नमस्कार करायला आत गेले. स्वारी आरामखुर्चीत, पाय स्टुलावर, स्टुलासमोर लाल दांड्यांचा हीटर, तोंडावर वर्तमानपत्र. मला बघून त्यांनी नाक वर केलं.

"कुणाकडे पापड भाजतायत गं?"

मी वास घेतला. मग खाली बघितलं. डाव्या पायमोज्यातून धूर निघत होता.

"काका, तुमचा पाय!"

मी हीटरचं बटण ओढून बंद केलं. काकांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या पायाकडे बघत राहिले. करंगळीपाशी मोजा काळा होऊन चिकटला होता. "मला काही कळलंच नाही," ते म्हणाले. दोनदा म्हणाले. त्या आवाजात शेरा नव्हता, खातं नव्हतं, काही नव्हतं.

माझ्या किंचाळण्यानं काकू दारात आल्या, हातात कुंकवाचा करंडा, मागे अकरा बायका. मी एका श्वासात सगळं ओकले: पोटरी, गोळे, पेटके, दोनशे, दीडशे, एकशे वीस. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?" बस, एवढंच. त्या तीन शब्दांनी मला जे भाजलं, ते अजून पुरतं बरं झालेलं नाही. मग त्या खाली बसल्या, साध्या पाण्याची धार पायावर धरली आणि म्हणाल्या, "कॅब बोलव."

पायांच्या रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरीणबाई रोहतककडच्या होत्या, वयानं माझ्या भाचीएवढ्या, आवाजानं कबड्डीच्या पंचाएवढ्या. त्यांनी दंडाचं प्रेशर घेतलं, मग घोट्याचं, आणि कपाळाला हात लावला. "ताऊजी, ऊपर पानी पूरा आ रहा है, नीचे बूंद-बूंद. पाइप में कचरा जमा है. और शुगर ने नसें सुन्न कर दीं, इसलिए पैर जलता रहा और आपको खबर नहीं."

काकांनी विचारलं. इतक्या हळू, की मला त्यांच्या ओठांवरून कळलं. "काटना पड़ेगा?"

"उंगली का देखेंगे. टांग बचानी है, उसी के लिए तो बैठी हूं. छह महीने बाद आते तो इतने भरोसे से न बोलती."

मग त्यांनी फर्मानं काढली. रक्त पातळ ठेवायची गोळी, शुगरची नवी गोळी, तंबाखूची डबी आत्ताच्या आत्ता कचऱ्यात. (डबी कोटाच्या आतल्या खिशात होती, हे काकूंना ठाऊक होतं. डॉक्टरांना कसं कळलं, देव जाणे.) शेक नाही, हीटर नाही, अनवाणी एक पाऊल नाही. "और जखम भर जाए, तो रोज चलना है. दर्द उठे तब तक चलो. फिर रुको. दर्द उतरे, फिर चलो. यही इलाज है."

काका खुर्चीत ताठ झाले. "मॅडम, यही तो मैं दो साल से कर रहा हूं!"

"बिल्कुल सही कर रहे थे ताऊजी. बस, चोरी से कर रहे थे. बताकर करते, तो साथ में दवा भी चलती."

करंगळी नाही वाचली. तीन आठवड्यांनी ती काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर काकांनी बँडेजकडे पाहिलं, चादरीवरून पाय लांबवर चाचपला, गुडघा, पोटरी, घोटा, सगळं जागच्या जागी आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "एक शिपाई गेला. खातं वाचलं." आम्ही हसलो. काकू इतक्या हसल्या की नर्स धावत आली, आणि मग बराच वेळ तिनं त्यांचा हात धरून ठेवला.

त्यानंतर सत्तांतर झालं. रोज सकाळी काका पलंगावर पाय सोडून बसायचे आणि काकू हातात आरसा घेऊन तळव्यांची पाहणी करायच्या. "चौथ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये ओल आहे. काल पुसलं नाहीत. असमाधानकारक." आंघोळीच्या पाण्यात आधी काकूंचं कोपर, मग काकांचा पाय. बूट घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा. एकदा आतून खडा निघाला तर काकूंनी तो बशीत घालून आल्यागेल्याला दाखवला. खडा मोहरीएवढा होता. मी सांगते तेव्हा तो लिंबाएवढा असतो, पण तत्त्व तेच. उन्हाळ्यापर्यंत काका अडीचशे पावलांवर आले, दिवाळीपर्यंत चारशेवर. थांबले की मात्र अजूनही काहीतरी बघायचेच. सवय म्हणा, लाज म्हणा.

मागच्या वर्षी लेकीनं दोघांना कायमचं नाशिकला नेलं. सामान आधीच गेलं होतं. कॅबवाल्यानं आत यायला नकार दिला, म्हणून आम्ही टॉवरपासून गेटापर्यंत चालत निघालो. काका पुढे, काकू पिशवी घेऊन मागे, मी त्यांच्याही मागे, कारण मला रडताना कुणी बघायला नको होतं. अर्ध्या वाटेवर काका थांबले. नुकतंच रंगवलेलं कुंपण समोर होतं. झाडांना नवे गोल पार होते. मी वाट बघत होते, आता काय सापडतंय यांना.

काकांनी वळून काकूंकडे पाहिलं. "थांब गं जरा. दुखतंय."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "बरं. थांबू."

गेटावर कॅबवाल्यानं हॉर्न दिला. मग दुसरा. तशी काकूंनी कमरेवर हात ठेवला आणि एकोणिसाव्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "रुको भैया! इनकी टांग दुख रही है!"

सहा टॉवरांच्या बाल्कन्यांतून माणसं बाहेर आली. पाहणीकाका रस्त्याच्या मधोमध, कशाकडेही न बघता, नुसते उभे होते.