दोन बोटं लांब क्लॅरिनेट

नागपूरच्या त्या घरात दोन्ही क्लॅरिनेट टेबलावर शेजारी ठेवली, तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं कल्याण. एक दुसऱ्यापेक्षा चांगलं दोन बोटं लांब होतं.

मी यवतमाळात वाद्यं दुरुस्त करतो. पॅड बदलायचे, रीड बसवायचं आणि लोकांची घाई ऐकायची. त्या दिवशी दिग्रसचे बँडवाले बाबाराव मला सेकंडहँड जोडी पारखायला घेऊन गेले होते. त्यांची मुलं, विजय आणि संजय, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. संजयच्या लग्नात मानपानावरून बिनसलं, तेव्हापासून भावांचं बोलणं बंद. वाजवायचे मात्र एकत्रच. गाणी पाठ, सूर ठरलेला, तोंड उघडायची गरजच पडत नसे. आता दोघांचीही वाद्यं मोडकळीला आली होती आणि सीझन तोंडावर होता.

"मले सारखेच पायजेत," बाबाराव वाटेतच म्हणाले होते. "एकाले चांगलं अन् एकाले हलकं देलं तं बँड फुटलाच समजा."

विकणारे गृहस्थ ऑर्केस्ट्रातून रिटायर झालेले. माल अस्सल. कंपनी एक, लाकूड एक. पण लांब क्लॅरिनेट अर्धा सूर खाली बोलतं. एकाच वादकाने गाणं बघून कधी हे, कधी ते वाजवायचं, म्हणून अशी दोन ठेवतात. दोघांनी सारखीच बोटं धरून एकदम वाजवली, तर वऱ्हाडी कान झाकून पळतील. मी वाजवून दाखवलं.

"मंग लांबवालं थोडं कापता नाही येत काय?"

"एक सूर जाग्यावर येईन, बाकीच्या भोकाइचं काय? नका घेऊ, बाबाराव."

"पण माल तं दोन्हीचा सारखाच हाये ना!"

घेतलीच. मीही सांगून सांगून थकलो होतो.

दिग्रसला थोरल्याच्या मानाने विजयने लांब क्लॅरिनेट उचललं. तालमीत पहिल्याच ओळीला ढोलवाल्याने काठी खाली ठेवली. बाबाराव मटकन खुर्चीत बसले.

"काहून बसले? सांगतलं नव्हतं काय?" मी वैतागून म्हणालो. मग पोरांना समजावलं. उपाय एकच. एकाने वेगळी बोटं धरून अर्धा सूर सरकवायचा. पण सरकवताना काही गाण्यांत एकाच्या बोटांच्या गाठी बसतात, काही गाण्यांत दुसऱ्याच्या. तेव्हा कोणी सरकवायचं, हे प्रत्येक गाण्याआधी तुमचं तुम्हीच ठरवा.

मग संजय हातातल्या क्लॅरिनेटकडे बघतच म्हणाला, "दादा, हे तू सरकवतं का मी?"

"तूच सरकव. त्याच्यानंतरचं मी घेतो."

बाबाराव उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

सीझन पार पडला. बँड फुटला नाही. त्या सेकंडहँड जोडीचे पॅड बदलून बदलून माझे डोळे मात्र फुटायची वेळ आलीय. भाऊ अजून सुरापुरतंच बोलतात. दोघांना सारखी वाद्यं मिळाली असती, तर तेवढंही बोलले नसते.