कॅट्सकिलची आयरिश फ्लूट आणि तीन दिवसांचं मौनव्रत

इराचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीत, एडिसन गावातल्या आमच्या घरी लॉन कापत होतो. "बाबा, तू आणि आई या समरला कॅट्सकिलच्या डोंगरात आयरिश म्युझिकच्या कॅम्पला या. आय विल बी प्लेइंग. पण एक कंडिशन आहे. थ्री डेज, नो कॉमेंट्स." मी यंत्र बंद करून लगेच हो म्हटलं.

अट का, ते सांगायला हवं. मी पुण्यात चार वर्षं बासरी शिकलो. त्या शिदोरीवर गेली चाळीस वर्षं न्यू जर्सीतल्या प्रत्येक मैफिलीत पहिल्या रांगेत बसून मान हलवतो आहे, बहुतेक वेळा नकारार्थी. लेकीला बासरी मीच शिकवली. "उतरला. परत. श्वास मध्येच घेतलास. परत." पंधराव्या वर्षी इराने बासरी कपाटात ठेवली आणि त्यानंतर नऊ वर्षं माझ्यासमोर एक सूर काढला नाही. कॉलेजात ती आयरिश फ्लूट शिकते आहे, हे मला बायकोकडून, नीलाकडून कळलं. आता पुन्हा तोंड उघडलं तर ही संधी कायमची गेली, हे नीलाने मला निघेपर्यंत चार वेळा बजावलं.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. गार्डन स्टेट पार्कवे, मग न्यूयॉर्क थ्रूवे, साधारण तीन तास. शुक्रवारी दुपारी निघू नका, सगळं शहर तुमच्या पुढे असतं. थ्रूवे सोडला की फोनची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या. मोटेलच्या खोलीत मायक्रोवेव्ह आहे ना, ते विचारा. पबमध्ये तिघांचं जेवण पन्नास-साठ डॉलरमध्ये होतं, पण बटाट्याच्या सूपमध्ये चिकनचं पाणी असतं. ब्राऊन ब्रेड आणि लोणी मात्र झकास. नीलाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. मी तीन बासऱ्या घेतल्या होत्या, यजमानांनी आग्रह केलाच तर असाव्यात म्हणून. कोणी केला नाही.

पहिल्या दिवशी तंबूतल्या वर्गात मागे बसलो. इंटरनेटवर आयरिश फ्लूट म्हटलं की धुकं, समुद्राचा कडा आणि केस उडणारी एक बाई असते. इथे शिकवायला मॉरीन होत्या, ब्रॉंक्समध्ये स्कूल बस चालवून रिटायर झालेल्या, सत्तरीच्या, पायात सँडल. त्यांनी फ्लूट तोंडाला लावली आणि खालचा सूर असा काही गुरगुरला की नीला दचकली.

"ही गोड वाजवायची नाही," मॉरीन म्हणाल्या आणि समजावू लागल्या. फ्लूट लाकडी, बोटांखाली सहा उघडी भोकं, आतली पोकळी खाली निमुळती. ओठ आवळून फुंक भोकाच्या काठावर नेमकी मारायची, म्हणजे आवाजाला धार येते. सूर जिभेने फारसे तोडायचे नाहीत, ते काम बोटांचं: वरचं बोट क्षणभर उचललं की 'कट', खालचं आपटलं की 'टॅप'. नाचाचा ठेका फुंकीतूनच द्यायचा. ट्यून सलग पळत असते, श्वासाला जागा नसते, तेव्हा एखादा सूर खुशाल गाळायचा. "कोण कुठला सूर गाळतं, त्यावरून माणूस ओळखू येतो," त्या म्हणाल्या. आमच्या घरी सूर गाळला तर अर्धा तास बौद्धिक होत असे. मी हाताची घडी घातली आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पबमध्ये सेशन. दीपप्रज्वलन नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, 'दोन शब्द' म्हणून अर्धा तास बोलणारे अध्यक्ष नाहीत. दहा-बारा जण गोल करून, आमच्याकडे पाठ फिरवून बसले आणि एकाने सुरुवात केली की सगळे त्यात शिरले. ऐकणारे खुशाल गप्पा मारत होते. इरा माझ्यापासून चार फुटांवर होती. तिचा आवाज रांगडा, भरीव, माझ्या ओळखीचा मुळीच नव्हता, आणि मला तो आवडला. तेवढ्यात तिने ऐन ओळीत सूर गाळून श्वास घेतला आणि माझ्या तोंडून निघालं, "च्च!"

एवढंच. पण इराने ऐकलं. तिने फ्लूट मांडीवर ठेवली. बाकीचे वाजवत राहिले. मॉरीन तिच्याकडे झुकून म्हणाल्या, "ट्यून पुन्हा फिरून येईल गं, तेव्हा शिर." ट्यून दोनदा फिरून आली. इरा शिरली नाही.

पार्किंगमध्ये मी म्हटलं, "इरा, ते सवयीने झालं."

"आय नो, बाबा. दॅट्स द प्रॉब्लेम."

रात्री मोटेलवर नीलाने डबा उघडला. चटणीही तिने माझ्यापुढे नुसती सरकवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॉरीननी माझ्या हातात सरावाची फ्लूट दिली आणि नवशिक्यांत बसवलं. मदतीला इराच होती. बासरीवाला असल्याने आवाज लगेच निघाला आणि मी फुशारलो. पण चाल घोड्यासारखी पळत होती. एकही सूर सोडायचा नाही म्हणून मी दम धरला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, ठसका लागला. इरा गुडघ्यावर बसली. "बाबा, हीरो बनू नको. तो नोट सोड. जस्ट ब्रीद." मी सोडला. ठेका चालूच राहिला, कोणाचं काही अडलं नाही. मला फार लाज वाटली. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी माझी चूक लेकीने मला हळू आवाजात सांगितली, आणि ती आठ वर्षांची असताना तिच्या चुका मी ओरडून सांगत होतो.

परतताना थ्रूवेवर गर्दी होती. इरा ऑल्बनीला तिच्या घरी गेली, आम्ही एडिसनला आलो. कॅट्सकिलला जरूर जा. दिवसाचा पासही मिळतो आणि संगीत कळण्याची अट नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

पुढच्या रविवारी इराचा फोन आला. हॅलो म्हणून तिने फोन टेबलावर ठेवला आणि वाजवायला लागली. पूर्ण ट्यून, तीन वेळा. मग "ओके, बाय बाबा" म्हणून तिने फोन ठेवला. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मग नीलाला म्हटलं, "काय सुंदर वाजवते गं आपली पोरगी!"

"अहो, हे मला काय सांगताय?" नीला म्हणाली. "जन्मात एकदा तरी तिला सांगितलंत का?"

मी पुन्हा फोन लावला.