कपाटातली झाडं

वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी एकोणीस वर्षं खपून तीनशे झाडांचे नमुने वाळवले होते, एकेक कागदावर चिकटवून नावानिशी कपाटात लावले होते. कॉलेज तपासायला समिती येणार म्हणून तीन आठवडे त्यांना तास सोडून ऑफिसात अहवाल भरायला बसवलं. तीच माहिती पाच तक्त्यांत. परत येऊन बघतात तर कपाटात फायली, आणि नमुने बेसिनखाली ओल्या फरशीवर! वरच्या गठ्ठ्यांनासुद्धा बुरशी धरली होती.

"साहेबांनीच सांगितलं, बाई," शिपाईमामा चाचरत म्हणाले. "फायलींना जागा नव्हती."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार फेऱ्या मारून त्यांनी सगळ्या फायली प्राचार्यांच्या खोलीत नेल्या आणि पाहुण्यांच्या सोफ्यावर आदळल्या.

"अहो, हे काय? समितीला काय दाखवू मी?"

"झाडं दाखवायची होती, सर! मी शिकवते याचा पुरावा हवा ना तुम्हाला? तो तुम्ही नळाखाली टाकलात."

"मला नोटीस काढावी लागेल, बाई."

"काढा. कागदांना काय तोटा आहे इथं!"

नोटीस खरंच आली. बाईंनी ती वाचलीसुद्धा नाही. वर्गातल्या पोरांना घेऊन त्या नमुने निवडत बसल्या. एकशे चाळीस वाचले. बाकीचे टाकताना प्रत्येक झाडाचं नाव त्या मोठ्यानं वाचत होत्या, आणि नावागणिक त्यांचा आवाज चढतच गेला.