उजवीकडचा खिसा

कपडा हातात आला की उसवणबाई आधी तो उलटा करते. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कोट भारी असो की शाळेची चड्डी, बाहेरून ती बघतच नाही. अस्तर कसं लावलंय, शिवणीत माया किती सोडलीय, गाठ कुठे दडवलीय, हे आधी. बाहेरून काय, सगळेच कपडे राजबिंडे दिसतात.

तिचं दुकान म्हणजे फोटो स्टुडिओ आणि जिना यांच्यामध्ये उरलेली फट. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात पडद्याआड उभा आरसा आणि भिंतीवर एक खिळा. मापांच्या चिठ्ठ्या त्या खिळ्याला टोचलेल्या. शिवण कुणाकडे शिकली नाही. "दोनशे कॉलर उसवल्या आणि शिकले," एवढंच सांगते. दोनशे कॉलर एका बाईकडे आल्या कुठून, हे कुणी विचारलं की तिला नेमकी तेव्हाच टाचणी सापडेनाशी होते.

त्या शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला तिचा धाकटा भाऊ दुकानात आला. याला अख्खा बसडेपो 'सावकाश' म्हणून ओळखतो. एकोणतीस वर्षं शहराची बस चालवली, गाडीला कधी ओरखडा नाही. पिवळा दिवा लागला की हा थांबायचा आणि मागचे शिव्या द्यायचे. महिन्यापूर्वी निवृत्त झाला आणि सगळी रक्कम एकदम हातात आली. त्यातून भाड्याच्या दोन खोल्या सोडून स्वतःचं घर घ्यायचं ठरलं होतं. वहिनीने नव्या घराच्या पडद्यांची मापंसुद्धा नणंदेकडे आणून दिली होती. ती चिठ्ठी खिळ्यावर सगळ्यात वर होती.

पण आज सावकाश घाईत होता.

"ताई, हा कोट बघ. उद्या सकाळी पाहिजे."

तिने कोट उलटा केला आणि हसली. टाके ओळखीचे होते. त्याच्या लग्नात तिनेच शिवलेला कोट, नवशिकी असताना.

"पोटात सोडायला पाहिजे. एवढी माया नाहीये रे आत."

"पोटाचं बघ काय ते. मला वरचा खिसा पाहिजे. तेव्हा तू केलाच नव्हतास."

"तेव्हा मला जमत नव्हता."

"आता जमतो ना? हे बघ, असा." त्याने पिशवीतून चकचकीत पुस्तिका काढली. पहिल्याच पानावर छातीवर हाताची घडी घातलेला, पांढऱ्या कल्ल्यांचा रुबाबदार माणूस, करडा कोट, छातीच्या खिशातून डोकावणारा निळा रुमाल. "हे आमचे संस्थापक साहेब. उद्या हॉटेलात मीटिंग आहे, मला स्टेजवर बोलावणार आहेत. सिल्व्हर लीडर!"

"कसला लीडर? बस परत सुरू केलीस की काय?"

मग त्याने सांगितलं. नवं कॉइन निघतंय. मोबाईलमधला पैसा. बाजारात येण्याआधी मिळतंय, आज सहाला विक्री बंद. सहा महिन्यांत तिप्पट, लिहून देतात. थोडे पैसे त्याने तीन आठवड्यांपूर्वी टाकलेसुद्धा, अ‍ॅपमध्ये ते दुप्पट दिसतायत. आता बाकीचे टाकायचे.

"बाकीचे म्हणजे किती?"

"सगळे."

तिची नजर आपोआप खिळ्याकडे गेली.

"वहिनीला माहीत आहे?"

"सरप्राईज आहे. ते सांगतातच, घरच्यांना आत्ता बोलू नका, जुन्या विचाराची माणसं पाय ओढतात. मोबाईलमध्ये सगळं भरून ठेवलंय, एक बटण दाबायचं राहिलंय. आधी म्हटलं कोटाचं बघू."

त्याला वाटलं ताई ओरडेल. तिचा आवाज तसा तीन दुकानांपलीकडे जातो. पण तिला कळत होतं, ओरडलं तर हा उठून जाईल आणि जिन्यात उभा राहून बटण दाबेल. तिने कोट टेबलावर पसरला, खडू उचलला, पुस्तिका शेजारी ठेवली. पट्टीचा खिसा म्हणजे कापड मधोमध चिरावं लागतं. एकदा कात्री लागली की परत जोडता येत नाही, म्हणून खिशाची खूण ती तीनदा बघून करते. तिने फोटो बघितला. परत बघितला. चष्मा पुसला.

"सावकाश, हा तुझा साहेब डावखुरा आहे का रे?"

"का?"

"याचा खिसा उजवीकडे आहे."

"असेल फॅशन."

"फॅशन? छत्तीस वर्षं शिवतेय मी. पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा डाव्या छातीवर. काजं डाव्या पल्ल्यावर, बटणं उजव्या. याचं बघ, सगळंच उलट. याने बायकोचा कोट घातलाय की फोटो उलटा छापलाय?"

"सेल्फी असेल. सेल्फीत उलटं येतं."

"दोन्ही हातांची घडी घालून उभा आहे. मोबाईल काय दातात धरला होता?"

तिने पुस्तिका उचलली, पडद्याआड जाऊन आरशासमोर धरली आणि त्याला आत ओढलं. आरशात साहेबांचा खिसा मुकाट्याने आपल्या जागेवर आला होता.

फोटोवाला शेजारीच. तो रिकामाच बसला होता, त्यामुळे लगेच आला आणि आपल्या मोबाईलने आरशातल्या साहेबांचा फोटो काढला. "फोटोवरून फोटो शोधता येतो आता," तो म्हणाला. "म्हणून ही मंडळी उलटा करून वापरतात. सरळ टाकला तर लगेच सापडेल ना." त्याने दोनचार वेळा बोट फिरवलं आणि एकदम खिंकाळला. "हे घ्या तुमचे साहेब!"

साहेब सापडले. एका ठिकाणी दातांच्या कवळीच्या जाहिरातीत. एका ठिकाणी चष्म्याच्या. एका दवाखान्यात हृदयाचे डॉक्टर. आणि शेवटी फोटो विकणाऱ्या एका साईटवर, खाली किंमत टाकलेली.

"विकाऊ फोटो आहे," फोटोवाला म्हणाला. "पैसे द्या, वापरा. त्या बिचाऱ्या मॉडेलला पत्ताही नसेल की तो तुमचा संस्थापक आहे."

ठगांना हुशार म्हणायची लोकांना फार हौस. हुशारी कसली डोंबलाची! बाजारातून चेहरा आणला, तो उलटा केला, आणि हातातल्या पैशाने भांबावलेली माणसं हेरली. कष्टकरी माणूस मूर्ख असतो म्हणून फसत नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणीतरी 'सर' म्हणतं, म्हणून फसतो. सावकाशला एकोणतीस वर्षांत कुणी सर म्हटलं नव्हतं. कॉइनवाल्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर चारशे माणसं रोज सकाळी म्हणत होती.

त्यामुळे त्याचा पाय निघेना. "सुरक्षेसाठी खरा चेहरा लपवला असेल," तो पुटपुटला.

आता मात्र तिचा आवाज चढला. "तोंड लपवणाऱ्याला तू घर देणार? बरं, चेहरा सोड. तुझे पैसे दुप्पट झालेत ना? काढून दाखव. सगळे नकोत, या कोटाच्या शिलाईपुरते काढ."

त्याने अ‍ॅप उघडलं. आकडा हिरवागार, डोलत होता. 'काढा' दाबलं. चक्र फिरलं आणि पाटी आली: पैसे मोकळे करण्यासाठी आधी पंधरा टक्के कर भरा.

"माझेच पैसे काढायला मीच पैसे भरू?" सावकाश स्वतःशीच म्हणाला.

"तू बोललास हो, मी नाही," ती म्हणाली. "आणि पहिले पैसे पाठवलेस ते कुणाच्या खात्यात?"

त्याने मोबाईलमध्ये मागे जाऊन बघितलं. कुठल्याशा फर्निचरवाल्याच्या नावावर गेले होते. आज भरून ठेवलेलं खातं भलत्याच एका बाईच्या नावावर होतं.

"ग्रुपवर विचार," ती म्हणाली. "बाकी काही नको. साहेबांच्या कोटाचा खिसा उजवीकडे का, एवढंच."

"हसतील ताई."

"हसू दे की! चारशे माणसांतला एकजण तरी उत्तर देईल."

त्याने एकेक अक्षर शोधत टाईप केलं. नमस्कार, साहेबांच्या फोटोत कोटाचा खिसा उजवीकडे का आहे, कृपया सांगावे. पाठवलं. तिघंही मोबाईलवर वाकली. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

कुणी हसलं नाही. दिवसभर फुलं आणि टाळ्या पाठवणारा ग्रुप मिनिटभर गप्प झाला. मग सावकाशचा प्रश्न पडद्यावरून पुसला गेला. मग खाली करड्या अक्षरांत ओळ आली: तुम्हाला या ग्रुपमधून काढण्यात आलं आहे.

"एका खिशावरून?" फोटोवाला म्हणाला.

लगोलग फोन वाजला. सावकाशने स्पीकर लावला. ग्रुप चालवणाऱ्या या माणसाला तो 'मेंटर' म्हणायचा, आवाज लोण्यासारखा.

"सर, असे निगेटिव्ह प्रश्न ग्रुपवर नको ना. सहा वाजत आलेत. तुम्ही रक्कम पाठवा, मी लगेच परत आत घेतो तुम्हाला. उद्या स्टेजवर तुमची खुर्ची आहे."

उसवणबाईने मोबाईल हिसकावायला हात पुढे केला होता. सावकाशने तो हाताने थोपवला. पिवळा दिवा बघितल्यावर यायचा तसा त्याचा चेहरा झाला, शांत आणि हट्टी.

"खिशाचं काय?" त्याने विचारलं.

"सर, खिसा महत्त्वाचा आहे का? भविष्य बघा..."

"तुम्ही मला मध्येच उतरवलंत ना गाडीतून? मग आता भाडं कसलं मागताय?"

आणि त्याने फोन बंद केला. भरून ठेवलेलं सगळं एकेक करून पुसलं. मग खात्यातली रक्कम उघडून बघितली. जागेवर होती. परत एकदा बघितली. उसवणबाईचा जीव भांड्यात पडला. तिने टेबलाचा आधार घेतला तो नेमका गरम इस्त्रीशेजारी. चटका बसला आणि दोन सणसणीत शिव्या गेल्या, त्यातली एक मेंटरच्या नावाची. फोटोवाला चहा सांगायला पळाला.

वाटलं, संपलं. पण सावकाश स्टुलावर बसला तो मान वर करेना.

"तू वाचलास ना? मग?"

"मी डेपोतल्या तिघांना आणलंय यात. माझ्या शब्दावर. तेही सहापर्यंत भरणार."

"मग लाव फोन!"

"कुठल्या तोंडाने लावू? म्हणतील, सावकाशला चुना लावला. एकोणतीस वर्षांत कमावलेलं नाव आहे ताई."

साडेपाच वाजून गेले होते. तिने त्याच्याकडे बघितलं, मग हातातल्या खडूकडे.

"त्या दोनशे कॉलर," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"ज्या उसवून मी शिकले. घरबसल्या शिलाईचं काम देतो म्हणून एकजण आला होता. अनामत भरा, कॉलर शिवून द्या, आम्ही विकत घेतो. मी बांगड्या मोडून अनामत भरली. दोनशे कॉलर शिवल्या. तो म्हणाला सगळ्या सदोष आहेत, आणि गेला. घरी सांगितलं की माल विकला गेला. मग रोज दुपारी दार लावून बसायचे आणि उसवायचे, निदान कापड तरी वाया जाऊ नये म्हणून."

"मला कधी बोलली नाहीस."

"लाज वाटली. मी गप्प बसले आणि पुढच्या महिन्यात माझ्याच गल्लीत आणखी सहा बायकांनी अनामत भरली. त्यातली एकही आजतागायत मला काही बोलली नाही, कारण त्यांना माहीतच नाही की मला आधी कळलं होतं." तिने मोबाईल त्याच्या हातात कोंबला. "ते मला अजून टोचतं. तू लाव फोन. वीस मिनिटं आहेत."

पहिल्याने हॅलो म्हणताच सांगितलं, बायको पासबुक देत नाहीये, म्हणून राहिलंय. सावकाश म्हणाला, "तिच्या पाया पड." दुसरा आधी भडकला, तूच गळ्यात मारलंस म्हणाला. सावकाशने ऐकून घेतलं आणि म्हणाला, खरं आहे, मीच मारलं, आता मीच काढतोय, अ‍ॅपमधून दहा रुपये काढून दाखव आणि मग भर. पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला, आवाज उतरलेला. त्याने भरले नाहीत. तिसऱ्याने सकाळीच थोडे भरले होते. ते गेले. पण गावाकडची जमीन विकून येणारे पैसे सोमवारी जमा व्हायचे होते, त्यासाठी त्याला खास मुदत दिली होती, ते वाचले.

"आणि तक्रार करायची," उसवणबाई म्हणाली. "उद्या सकाळी पोलिसांत. तू, तुझा तो तिसरा आणि ही पुस्तिका. खात्यांची नावं लिहून घे. गेलेले परत मिळतील न मिळतील, पण त्या फर्निचरवाल्याच्या खात्यावर कुणाची तरी नजर पडू दे."

सहा वाजले. तिघांनी चहा घेतला. कुठेही काहीही बंद पडलं नाही.

"खिसा करू का आता?" तिने विचारलं.

"कर की. डावीकडे."

रात्री जेवणं झाल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. सरप्राईज होतंच म्हणा. तिने पुढचे दोन दिवस अबोला धरला. सावकाश मात्र सकाळी नव्या खिशाचा कोट घालून आधी पोलिसांत गेला आणि तिथून डेपोच्या फाटकाशी. पाळी बदलायच्या वेळेला फोटोवाल्याने छापून दिलेले दोन साहेब, एक उलटा, एक सुलटा, खिशातून काढून दाखवत उभा राहिला. लोक हसले. साहेबांनाही आणि त्यालाही. हसता हसता चौघांनी त्याला बाजूला नेऊन, तेच अ‍ॅप उघडलेले आपापले मोबाईल त्याच्यासमोर धरले.

तिसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आली. काखेत पडद्यांच्या कापडाचा गठ्ठा.

"ताई, घराचं टोकन देऊन आलो सकाळीच. खिडकी परत मोजली, माझं माप चुकलं होतं. चार बोटं वाढवा."

"वाढवते. आणि तो कसा आहे?"

"ते? टोकनची पावती उलटीपालटी करून बघतायत तेव्हापासून. मी म्हटलं, अहो, तिला खिसा नाहीये."

दोघी हसल्या. उसवणबाईने खिळ्यावरची चिठ्ठी काढली, जुनं माप खोडून नवं लिहिलं. मग कापड टेबलावर पसरलं, उलटं करून नीट बघितलं आणि कात्री लावली.