दुकान वाढवले आहे

फोन आला तेव्हा एका पोरीचा हात माझ्या हातात होता. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या भरायला आली होती बिचारी. सातवा महिना, हात जरा सुजलेले, त्यामुळे एकेक बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सावकाश उतरवावी लागत होती. डावा हात भरून झाला होता, उजव्यात दोनच चढल्या होत्या. मोबाईल खांद्याने कानाशी धरला, तर पलीकडून रंगादादाची सून वर्षा, "आत्या, बाबा गेले हो... सकाळी चहा पिऊन बसल्ते, बसल्या जागीच गेले." मी "येते" म्हटलं आणि फोन खाली ठेवला. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. एक हात भरलेला आणि दुसरा अर्धा, अशा बाईला पाटावरून उठवत नाहीत, त्यात ही पोटुशी. मी उरलेल्या नऊ बांगड्या भरल्या, वर आशीर्वादाची एक भरली. तिने वाकून नमस्कार केला, मी "सुखाने सुटका होऊ दे" म्हटलं. ती रस्ता ओलांडून गेली, मग शटर अर्धं ओढलं आणि त्याच पाटावर बसून रडले.

रंगादादा म्हणजे रंगनाथ, माझा मामेभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. एके काळी जालन्यात ज्या रस्त्याने जाल तिथे चार पाट्या तरी त्याच्या हातच्या सापडायच्या. आमचं मूळ भोकरदनकडचं, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडचं. मामांकडे मेंढरं होती. दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करतात. मामा नुसता पट्टा ओढायचे. दादा शाळेत 'र' शिकून आला आणि त्याने एका दुपारी सगळ्या कळपाच्या पाठीवर 'र' काढून ठेवला. मामांनी पाठीत धपाटा घातला, पण खूण काही पुसली नाही. पुढे कळप विकला गेला, दादा शहरात आला आणि मेंढरांवरची अक्षरं पत्र्यावर गेली. "मेंढरू हालतं, पत्रा हालत न्हाई, एवढाच फरक," असं तो सांगायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

माझ्या दुकानाची पाटीही त्याचीच. माझे मालक एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होते. मिलच्या रस्त्याला नवी वसाहत होत होती तेव्हा आम्ही तिथे घर घेतलं आणि पुढच्या खोलीत मी बांगड्या मांडल्या. 'शकुंतला बांगडी भांडार'. दादाने 'शकुंतला'तल्या अनुस्वाराच्या जागी गोल बांगडी काढली होती, पोकळ, हिरवी. मला तेव्हा ते थिल्लर वाटलं होतं. मी बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "राहू दे शके, लोकं त्या टिंबासाठी थांबतील." आणि थांबायचे, हे कबूल करायला मला दहा वर्षं लागली. मालक गेले तेव्हा नात्यातल्या बायका माझ्या बांगड्या वाढवायला बसल्या. दादा दारातून आत आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बांगड्या इकणाऱ्या बाईच्या हातात बांगड्या नकोत? मंग मी बी उद्यापासून माझ्या दुकानाला कोरी पाटी लावतो." आज माझ्या दोन्ही हातांत दोन दोन काचेच्या आहेत त्या त्याच्यामुळे.

रविवारी दुकान उशिरा उघडायचं. सातलाच दादा लुना घेऊन दारात, "चल शके, राउंड मारून येऊ." शेजारणींना वाटायचं बहीण-भाऊ देवदर्शनाला निघाले. आम्ही जायचो बंद दुकानं बघायला! गाव सोडून एमआयडीसीकडे जो भाग पसरत गेला, तिथे काय काय उघडलं आणि काय काय बंद पडलं हे दादाला तोंडपाठ होतं. एक सरकीच्या तेलाची गिरणी, आवारात पुरुषभर बाभळी, आणि आत भिंतीवर त्याच्या अक्षरात 'येथे बिडी ओढू नये'. एक टॉकीज, जिचं आधी मंगल कार्यालय झालं, मग टायरचं गोडाऊन, पण तिकिटाच्या खिडकीवर अजून 'महिला' वाचता येतं. हायवेकडे एक तीन मजली मॉल होता. ढोल-ताशे लावून उघडला, सगळी वसाहत सरकता जिना बघायला लोटली, आणि दोन वर्षांत कुलूप. वॉचमन दादाच्या ओळखीचा, तो आम्हाला आत सोडायचा. दादा त्या बंद जिन्यावर चार पायऱ्या चढायचा, मधेच थांबून कठड्यावर हात ठेवून उभा राहायचा. "काय करून राह्यला दादा?" "थांब, आत्ता नेईन वर." पाच मिनिटं उभा! मी खालून शिव्या घालायची, साडीला कुसळं, पायात काचा, वरून पारव्यांची घाण. तो आपला हलायला तयार नाही.

मिलच्या फाट्यावर एक गाळा आहे. त्याच्यावरचा फ्लेक्स फाटून लोंबत होता. दादाने काठीने त्याचं टोक उचललं. "हे बघ, मोबाईल रिपेअरिंग. त्याच्याखाली सायबर कॅफे. त्याच्याखाली एसटीडी. आन सगळ्यात खाली मी, सायकल मार्ट." लुनाच्या डिकीत ओलं फडकं असायचंच. त्याने पत्र्याचा उजवा कोपरा घासला, धुळीतून लाल 'रंगा' वर आलं, आणि हा ओरडला, "हाये!" मला रागच आला. म्हटलं, "दुसऱ्याचं बुडालेलं दुकान बघून तुला एवढा आनंद काहून होतो?" त्याने फडकं पिळलं. "बुडालेलं कुठं बघून राह्यलो? इथं एक माणूस रोज सकाळी येऊन झाडलोट करत व्हता, सायकलीची टायरं टांगत व्हता. ते बघायला येतो मी." त्या रविवारनंतर मी कुसळांची तक्रार कमी केली.

आता एक शब्द सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तरी 'वाढवलं'. तसंच दुकान बंद केलं म्हणत नाहीत, दुकान 'वाढवलं' म्हणतात. वाईट शब्द तोंडातून जायला नको एवढंच. जुन्या बाजारात एक कापडवाले शेठ होते, मुलं पुण्याला गेली, शेठ थकले. त्यांनी दादाकडून पाटी करून घेतली, 'दुकान वाढवले आहे'. शटरवर पाटी लागली आणि आठच दिवसांत शहागडकडून एक कुटुंब टेम्पो भरून लग्नाचा बस्ता बांधायला दारात! नवरदेवाचा भाऊ म्हणतो, "वाढवलं असं वाचलं, म्हटलं व्हरायटी वाढली असंल." शेठ माडीवरून बनियनवरच खाली आले, बायामाणसं उन्हात उभी बघून त्यांना 'नाही' म्हणवेना, त्यांनी कुलूप काढलं. शिल्लक मालातून बस्ता बांधला. आणि त्यानंतर शेठचं दुकान आणखी तीन वर्षं चाललं! दादा हा किस्सा लुनावर, पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही सांगायचा. "एका शब्दानं दुकान उघडलं बघ, शके." मी म्हणायची, "लोकांना मराठी येत नव्हतं म्हणून उघडलं." "मंग? उघडलं ना?"

गेल्या वर्षी माझ्या दुकानासमोर मोठं काचेचं स्टोअर झालं. आत गारवा, गाणी, आणि बांगड्या प्लास्टिकच्या डब्यांत. आपल्या हाताने उचला, आपल्या हाताने घाला. हात दाबून माप ओळखायची माझी विद्या त्यांना लागत नाही. दिवसदिवस कुणी पाटावर बसेना. माझे गुडघेही कुरकुरायला लागले होते. मुलगी फोनवर रोज तेच म्हणायची, "आई, आता बंद कर, माझ्याकडे ये." शेवटी ठरवलं, दिवाळी झाली की बंद. दादाला सांगितलं, "मला साधं 'दुकान बंद आहे' असं लिहून दे. वाढवलं-बिढवलं नको. माझ्याकडे काही टेम्पो भरून कुणी येणार नाही." दादाने चहाची बशी खाली ठेवली. "नळावर 'बंद' लिहिलं, संपाच्या वक्ताला भिंतीवर लिहिलं. दुकानावर बिलकुल न्हाई लिहिलं कधी." "मंग आता लिही," मी म्हटलं.

पण लिहील तर शपथ! पत्रा मिळेना, प्रायमर वाळेना, आभाळ आलंय, नवा चष्मा डोळ्याला जमत नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, संक्रांतीला तर मीच चार बायकांना बांगड्या भरल्या. एका रविवारी तो राउंडला न्यायला आला आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुझा हात थरथरतो, म्हणून टाळून राह्यला, हे सरळ सांग ना. मी फ्लेक्सवाल्याकडून करून घेते. दहा मिनिटांत मिळतं." खरंच थरथरायचा त्याचा हात, वर्षभरापासून. मला माहीत होतं, आणि माहीत असूनच मी ते बोलले... त्याने उजवा हात उचलून मांडीखाली घेतला, लहान मूल खाऊ लपवतं तसा. "दे आठ दिवस," एवढंच म्हणाला. चहा अर्धाच राहिला. लुना सुरू व्हायला तीन किका लागल्या, मी आतून मोजल्या, पण बाहेर गेले नाही. आमची शेवटची भेट ती. आठव्या दिवशी पाटी आली नाही, दहाव्या दिवशी फोन आला. ते वाक्य परत घेता आलं तर माझ्या दुकानातल्या सगळ्या बांगड्या मी देऊन टाकीन.

चौदावा झाल्यावर वर्षा म्हणाली, "आत्या, तुमचा पत्रा पडलाय मागं. नेता का?" घराच्या मागे पत्र्याची शेड, तेच त्याचं दुकान. टर्पेंटाइनचा वास, डालड्याच्या डब्यात उभे ब्रश, हात टेकवायची त्याची काठी, टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेली. पत्रा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. मी फिरवला. निळ्यावर पिवळी अक्षरं, बोटभर सावलीसकट, 'दुकान वाढवले आहे'. 'वा'चा काना तेवढा किंचित लहरला होता, बाकी सगळं त्याच्या तिशीतल्या हाताचं वाटावं असं. "तीन दिवस बसल्ते," वर्षा सांगत होती, "काठीवर हात टेकून. हात थरथरला की डाव्या हातानं उजवा धरायचे. मी म्हटलं बाबा राहू द्या, तर म्हणे शकीनं फ्लेक्स लावला तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई." मी तिथेच ओरडले, "अरे मेल्या, 'बंद' लिही म्हटलं होतं ना तुला!" आणि मग खाली लक्ष गेलं. दोन बारीक रेघा मारून, खडूने, रंग न भरलेले, मिळून तीन अक्षरांचे दोन शब्द... 'आत या'.

सही तो सगळ्यात शेवटी करायचा. उजवा कोपरा कोरा होता.

पत्रा रिक्षात मांडीवर आडवा धरून आणला. शटरवर नव्हे, पायरीशेजारी, रस्त्यावरून दिसेल असा टांगला. खडू टिकणार नाही हे कळत होतं, आणि पेंटरचा रंग मला कुठला हाताळता येतो? शोकेसमधून लाल नेलपॉलिश काढलं, स्टुलावर बसले आणि त्या खडूच्या अक्षरांत भरलं. चार बाटल्या लागल्या. 'त'चा पाय वाकडा झालाय. दादाने बघितलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं. कोपरा मी कोराच ठेवला आहे. रोज सकाळी दुकान झाडलं की ओलं फडकं घेऊन तो कोपरा पुसते, बाकी पाटीवर धूळ असली तरी चालते. मुलीला अजून काही सांगितलेलं नाही.

परवा एक कॉलेजातली पोरगी समोरच्या स्टोअरमधून बाहेर पडली, हातात बांगड्यांचा डबा, स्कूटीवर बसता बसता पाटी वाचून थांबली. रस्ता ओलांडून आली आणि पायरीवरून आत डोकावली. तीच दहा बाय दहाची खोली, तोच पाट.

"काकू, दुकान मोठं केलं का?"

"हो," मी म्हटलं. "आत ये. हात दे."